ओटीपोटाचा दाह : शोध जंतूचा, निंदा कोणाचीच नको



या सदराकडे येणारी पत्रे बहुधा गुडघेदुखी, मधुमेह, रक्तदाब किंवा दीर्घ तपश्चर्येनंतरचे पारणे यांविषयी असतात. या वेळी आलेले एक पत्र निराळे आहे. मावळ तालुक्यातील परंदवडीच्या परिसरातून एका सासूबाईंनी ते लिहिले आहे. आपले घर व दुकान ओळखू येऊ नये एवढीच त्यांची अट आहे. ती पाळून, ओळखीच्या सर्व खुणा वगळून आणि त्यांच्या अनुमतीने त्या पत्राचा आशय येथे देत आहे.

‘‘डॉक्टरताई, सूनबाई घरी येऊन काही वर्षे झाली. एकदा दिवस राहिले, पण तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला आणि पिशवी साफ करून घ्यावी लागली. त्यानंतर तिचे ओटीपोट व कंबर दुखत असे, अंगावरून जात असे. ती बोलली नाही आणि आम्हीही विचारले नाही. शेवटी थंडी वाजून ताप भरला तेव्हा दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरांनी ‘पी.आय.डी.’ असे नाव सांगितले, चौदा दिवसांची औषधे लिहून दिली आणि माझ्या मुलासही औषध घेण्यास सांगितले. मुलाने मोबाईलवर पाहिले तर ‘लैंगिक संबंधातून होणारा आजार’ असे लिहिलेले. त्या दिवसापासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. सूनबाईने चार दिवसांत औषध सोडले. त्यातच आयंबिलाची ओळी आली. मला एवढेच सांगावे, हा आजार वाईट चालीचा असतो काय?’’

ताई, आपण हा प्रश्न मनात न ठेवता विचारलात याबद्दल प्रथम आपले आभार मानते. उत्तरही आधीच देते. या आजाराच्या नावावरून कोणाच्याही चारित्र्याविषयी काहीही सिद्ध होत नाही. सूनबाईंच्या नाही आणि आपल्या मुलाच्याही नाही. मोबाईलवरील वाक्य खोटे नव्हते, पण ते एका नयाने खरे होते. आपल्या धर्माने शिकविले आहे की एका नयाने पाहिलेली वस्तू संपूर्ण समजू नये. म्हणून उरलेल्या बाजूही आज पाहू.

आजार म्हणजे काय

‘पेल्व्हिक इन्फ्लमेटरी डिसीज’ म्हणजे ओटीपोटातील स्त्री-अवयवांचा दाह. गर्भाशय, त्याच्या दोन्ही बाजूंच्या गर्भनलिका, बीजांडकोश आणि त्यांभोवतीचे पातळ आवरण यांपैकी एका किंवा अनेक ठिकाणी जंतू पोहोचले व तेथे सूज आली की त्या अवस्थेस हे नाव देतात. हे एकाच जंतूचे नाव नाही. ‘ताप’ म्हटल्याने तो हिवतापाचा की विषमज्वराचा हे कळत नाही, तसेच हे आहे.

निसर्गाने या अवयवांस पहारा दिलेला आहे. योनिमार्गात दह्यातील जिवाणूंच्या कुळातले लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू नांदत असतात. ते लॅक्टिक आम्ल निर्माण करतात आणि त्या आंबटपणामुळे उपद्रवी जंतूंस तेथे वाढता येत नाही. जर्मन वैद्य आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी 1892 मध्ये या जिवाणूंचे वर्णन केले. त्याच्या वर, गर्भाशयाच्या मुखाशी चिकट स्रावाचा एक बूच असतो. ही दोन्ही दारे शाबूत असतील तर खालचे जंतू वर चढत नाहीत.

दारे केव्हा उघडी पडतात? मासिक पाळीच्या दिवसांत मुखाशी असलेला बूच विरळ होतो. प्रसूतीनंतर व गर्भपातानंतर गर्भाशयाचे मुख उघडे असते आणि आतील अस्तर जखमेसारखे असते. पिशवी साफ करताना किंवा तांबी बसविताना उपकरण आत जाते; तांबी बसविल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत हा धोका किंचित वाढलेला असतो, पुढे तो राहत नाही. आणि शरीरसंबंधातून बाहेरचे जंतू मुखापर्यंत येऊ शकतात. म्हणजे मार्ग अनेक आहेत. मोबाईलने त्यांपैकी एकच दाखविला.

जंतूंची ओळख

या आजारास कारण होणारे जंतू ढोबळमानाने तीन गटांत मांडता येतील.

पहिला गट शरीरसंबंधातून पसरणाऱ्या जंतूंचा. त्यात परम्याचा जंतू, ज्याचा शोध आल्बर्ट नायसर यांनी 1879 मध्ये लावला, आणि क्लॅमिडिया हा जंतू प्रमुख होत. क्लॅमिडियाच्याच जातीचे काही प्रकार डोळ्यांत खुपऱ्या निर्माण करतात. अलीकडच्या काळात मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या तिसऱ्या जंतूचीही त्यांत गणना होऊ लागली आहे; तो 1980 च्या दशकाच्या आरंभी ओळखला गेला. क्लॅमिडियाचे वैशिष्ट्य असे की बहुसंख्य स्त्रियांना आणि पुष्कळ पुरुषांना त्याचे कोणतेही लक्षण जाणवत नाही. तो महिनोन्‌महिने मूक राहू शकतो. त्यामुळे तो आज सापडला तरी केव्हा आला आणि कोणाकडून कोणाकडे गेला, हे तपासणीचा कागद सांगू शकत नाही.

दुसरा गट आपल्याच शरीरात वास करणाऱ्या जंतूंचा. आतड्यातील ई. कोलाय, स्ट्रेप्टोकॉकस कुळातील जंतू, आणि प्राणवायूविना वाढणारे काही जिवाणू यांत येतात. योनिमार्गातील हितकारक जिवाणू कमी झाले की गार्डनेरेला वगैरे जिवाणूंची संख्या वाढते, पातळ व दुर्गंधीयुक्त स्राव होतो आणि त्यातील काही जंतू संधी मिळताच वर चढतात. ओटीपोटाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांत परमा वा क्लॅमिडिया यांपैकी एकही जंतू तपासणीत सापडत नाही. हा एकच मुद्दा लक्षात ठेवला तरी घरातील पुष्कळ संशय गळून पडेल.

तिसरा गट एकाच जंतूचा, पण आपल्या देशात फार महत्त्वाचा. तो म्हणजे क्षयाचा जंतू. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी त्याचा शोध जाहीर केला. क्षय केवळ फुप्फुसांना होतो ही समजूत बरोबर नाही. बालपणी वा तरुणपणी फुप्फुसात शिरलेला जंतू रक्तावाटे गर्भनलिकांत जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षे तेथे राहतो. जननेंद्रियांच्या क्षयात बहुतेक सर्व स्त्रियांच्या नलिका बाधित झालेल्या आढळतात. खोकला नसतो, ताप असलाच तर बारीक असतो. पाळीतील रक्तस्राव कमी होतो, ओटीपोट मंद दुखत राहते, किंवा काहीच न होता केवळ मूल होत नाही एवढेच दिसते. याचा शरीरसंबंधाशी बहुधा काहीही संबंध नसतो. साध्या प्रतिजैविकांनी दुखणे हटत नसेल तर डॉक्टर गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासतात अथवा दुर्बिणीतून पाहतात. क्षयावरील औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात आणि ती किमान सहा महिने घ्यावी लागतात.

सूनबाईंचा आजार यांपैकी कोणत्या जंतूचा, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि सांगूही नये. मात्र गर्भ जाणे, पिशवी साफ करणे आणि त्यानंतर दुखणे सुरू होणे हा क्रम आपण स्वतःच लिहिला आहे. तो क्रम त्यांच्या डॉक्टरांना अवश्य सांगावा.

पतीस औषध का

मग मुलासही औषध का दिले, ही शंका उरते. ओटीपोटाच्या आत नेमका कोणता जंतू आहे हे बाहेरून घेतलेल्या नमुन्यावरून नेहमीच कळत नाही, आणि कळेपर्यंत थांबले तर नलिकांचे नुकसान होते. म्हणून संभवनीय अशा सर्व मुख्य जंतूंवर एकाच वेळी उपचार करण्याची पद्धत जगभर आहे. आपल्या शासकीय दवाखान्यांतही या लक्षणांसाठी सहाव्या क्रमांकाचा पिवळा संच दिला जातो. त्यात तीन निरनिराळी औषधे असतात, ती याच कारणाने. पत्नीवर उपचार झाले आणि पतीच्या शरीरात एखादा मूक जंतू राहिला, तर तो पुन्हा परत येईल. म्हणून पतीसही औषध देतात आणि दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संयम पाळण्यास सांगतात. दुकानास आग लागू नये म्हणून आपण विमा उतरवितो, तेव्हा शेजाऱ्यावर आग लावण्याचा आरोप करीत नाही. डॉक्टरांच्या त्या चिठ्ठीत तेवढीच सावधगिरी होती.

येथे एक अप्रिय गोष्टही प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. काही वेळा जंतू खरोखरच शरीरसंबंधातून आलेला असतो. तेव्हाही दोष सुनेकडे आहे असे गृहीत धरण्याची आपल्या समाजाची सवय आहे. पुण्यात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत 1993 पासून काही वर्षे एक अभ्यास झाला आणि तो 1997 मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पतीखेरीज कोणाशीही संबंध नसलेल्या विवाहित स्त्रियांतही एच.आय.व्ही.चा संसर्ग आढळतो, आणि त्यांचा धोका पतीस असलेल्या लैंगिक आजाराशी जोडलेला असतो, हे त्या अभ्यासाने दाखविले. आजार अंगावर दिसतो तो स्त्रीच्या, कारण नलिका तिला आहेत. परंतु जेथे वेदना दिसते तेथेच कारण असते असे नाही. हे लिहिण्याचा हेतू सुनेवरील संशय उचलून मुलावर ठेवणे हा नव्हे. शोध घ्यावयाचा तो जंतूचा, आणि तो उपचारासाठी.

गडचिरोलीने शिकविलेला धडा

असे आजार आपल्या घरांत नसतात, असे वाटणे स्वाभाविक आहे. हे वाटणे किती फसवे असते हे महाराष्ट्रातीलच एका अभ्यासाने जगास दाखवून दिले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग या दांपत्याने गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या आजारी स्त्रियाच तेवढ्या न पाहता त्यांनी गावातील सर्वसामान्य स्त्रियांस बोलाविले, हे त्यातील विशेष होते. 650 स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी 55 टक्के स्त्रियांनी काही ना काही स्त्रीरोगविषयक तक्रार सांगितली, पण प्रत्यक्ष तपासणीत 92 टक्के स्त्रियांस एक किंवा अधिक विकार आढळले. सरासरी प्रत्येक स्त्रीस 3.6 विकार होते, आणि त्यांपैकी निम्मे जननमार्गातील जंतुसंसर्गाचे होते. यापूर्वी स्त्रीरोगांसाठी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या 8 टक्के. हा अभ्यास जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याकडे केवळ प्रसूती व कुटुंबनियोजनापुरते पाहणाऱ्या जगाचे डोळे उघडले.

या आकड्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो पहिल्या दोन आकड्यांमधील फरक. 55 जणींनी सांगितले आणि 92 जणींत सापडले. जवळजवळ चाळीस जणींनी ‘बाईच्या जातीला हे असायचेच’ असे मानून तक्रारच केली नाही, किंवा त्यांना ती जाणवलीच नाही.

गडचिरोली हा महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाचा अरण्यमय जिल्हा आहे. तेव्हा तेथे स्त्रीरोगतज्ज्ञ मिळणे दुरापास्त होते. परंदवडीची गोष्ट तशी नाही. सोमाटणे फाटा जवळ, महामार्ग जवळ, तळेगाव दाभाडे येथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि पिंपरी-चिंचवडही फार दूर नाही. मोटार दारात उभी आहे. तरीसुद्धा सूनबाई कित्येक महिने दुखणे अंगावर काढत राहिल्या. त्यांना दवाखान्यापासून दूर ठेवणारे अंतर रस्त्याचे नव्हते; ते स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधले होते.

विलंबाचे व्याज

व्यापारी घरात थकबाकीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. गर्भनलिका सुमारे दहा-बारा सेंटिमीटर लांबीची असते आणि गर्भाशयाजवळ तिचा आतील मार्ग अत्यंत बारीक असतो. आतून तिला सूक्ष्म केसांचे अस्तर असते; ते केस लाटेसारखे हलून स्त्रीबीजास पुढे नेतात. जंतुदाहाने हे केस झडतात, भिंती एकमेकींस चिकटतात आणि मार्ग बंद होतो. अर्धवट बंद झाला तर गर्भ नळीतच राहतो, नळी फुटते आणि जिवावर बेतते.

स्वीडनमधील लुंड येथील डॉ. लार्स वेस्त्रोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, नलिका बिघडल्यामुळे येणारे वंध्यत्व एकदा हा आजार झालेल्या स्त्रियांत सुमारे 8 टक्के, दोनदा झालेल्यांत सुमारे 20 टक्के आणि तीन वा अधिक वेळा झालेल्यांत 40 टक्के आढळले. हे चक्रवाढ व्याज आहे. प्रत्येक खेपेस बाकी दुपटीने वाढते.

याच आकड्यांची दुसरी बाजूही पाहावी. पहिल्या वेळीच नीट उपचार झाले तर बहुसंख्य स्त्रियांच्या नलिका सुरक्षित राहतात. म्हणून आपल्या घरी आज निराश होण्याचे काहीच कारण नाही. कारण आहे ते अर्धवट सोडलेले औषध पुन्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण करण्याचे.

औषध आणि व्रत

सूनबाईंनी औषध सोडले ते रागाने, की व्रतामुळे, हे पत्रात स्पष्ट नाही. आपल्या घरांत दुसरे कारण वारंवार आढळते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

दिवसातून दोन वेळा घ्यावयाचे औषध चौविहार पाळूनही घेता येते. सकाळी नवकारशी झाल्यावर काही खाऊन पहिली मात्रा, आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासोबत दुसरी. दोहोंत नऊ-दहा तासांचे अंतर राहते. बहुतेक रुग्णांस ते चालते, तथापि आपल्या डॉक्टरांस एकदा विचारून घ्यावे. डॉक्सिसायक्लिन हे या आजारातील नेहमीचे औषध रात्री निजतेवेळी घोटभर पाण्याबरोबर घेतल्यास अन्ननलिकेत अडकून जखम करते. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावे व नंतर काही वेळ आडवे होऊ नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे सूर्यास्तापूर्वी घेणे येथे उपकारकच ठरते. मात्र लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या त्याच वेळी घेऊ नयेत. त्यांमुळे हे औषध अंगी लागत नाही. दोहोंत दोन-तीन तास जाऊ द्यावेत. गर्भ राहिल्याची शंका असेल तर ते डॉक्टरांस आधी सांगावे, कारण तेव्हा औषध बदलावे लागते.

दुसरी अडचण कॅप्सूलची. तिचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. हे कळल्यावर काही भगिनी कोणास न सांगता औषध बंद करतात. तसे करू नये. हेच औषध साध्या गोळीच्या रूपातही मिळते. डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्यास निःसंकोच विचारावे.

उपवास आणि आयंबील यांचा प्रश्न अवघड आहे. या आजारावरील औषधे रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ होते, उलटी होते आणि मात्रा वाया जाते. चौदा दिवसांतील चार दिवस औषध घेऊन सोडले तर जंतू अर्धमेले होऊन पुन्हा उठतात आणि औषधास दाद देईनासे होतात. म्हणून हे चौदा दिवस तप पुढे ढकलावे, अशी माझी विनंती आहे. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार ठेवलेले आहेत, आणि रुग्णावस्थेत समाधी टिकावी यासाठीचा आगार त्यांत आहे, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. आपल्या गुरुभगवंतांना वा साध्वीजी महाराजांना विचारावे. त्या योग्य मार्ग दाखवितील.

जंतू मारणे ही हिंसा नव्हे काय, असाही प्रश्न कधीकधी येतो. शास्त्राचा निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. श्रावकासाठी संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे हिंसेचे भेद सांगितले आहेत आणि त्याने प्रथम त्याग करावयाचा तो संकल्पी हिंसेचा, एवढे मी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. वैद्य म्हणून एवढेच जोडते की वेळेवर घेतलेल्या चौदा दिवसांच्या गोळ्यांनी पुढील मोठी शस्त्रक्रिया, पुढील मोठी औषधे आणि एका जीवाचे हाल टळतात. जयणा याहून वेगळी काय असते?

केव्हा विलंब मुळीच करू नये

ओटीपोटात सतत दुखणे, दुर्गंधीयुक्त वा पिवळसर स्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, लघवीस जळजळ, संबंधाच्या वेळी वेदना, यांपैकी काहीही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जावे. औषध सुरू केल्यावर तीन दिवसांत बरे वाटू लागले पाहिजे. न वाटल्यास पुन्हा दाखवावे. जोराचा ताप, उलट्या, पोट लाकडासारखे कठीण होणे, किंवा गर्भवती असताना अशी लक्षणे दिसणे, या वेळी रुग्णालयात दाखल व्हावे. आणि पाळी चुकलेली असताना एकाएकी एका बाजूस तीव्र कळ येऊन भोवळ आली तर तो नळीतील गर्भ असू शकतो. त्या वेळी सकाळची वाट पाहू नये.

स्वच्छतेच्या समजुतीने योनिमार्ग आतून जंतुनाशकाने धुऊ नये. त्याने पहाऱ्यावरचे हितकारक जिवाणूच नाहीसे होतात. पाळीसाठी कपडा वापरत असाल तर तो स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावा, कोपऱ्यात लपवून ठेवू नये. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या किंवा शेजारणीची चिठ्ठी वापरू नये.

आता घराने काय करावे

ताई, शेवटी आपल्याशी दोन शब्द.

पाळीच्या दिवसांत बाजूस बसण्याची प्रथा आपल्यातील कित्येक घरांत आहे. ती पाळावी की नाही, हे प्रत्येक घर आपापल्या श्रद्धेने ठरवील. परंतु त्या प्रथेमुळे सून आपल्या शरीराविषयी काहीच बोलू नये असे वातावरण तयार होत असेल, तर त्याची किंमत गर्भनलिका मोजतात. ‘पोट दुखते का ग?’ एवढे विचारण्यास प्रथा आड येत नाही.

आपण एका दुपारी सूनबाईंस घेऊन स्वतः दवाखान्यात जावे. मुलालाही सोबत न्यावे. त्याने मोबाईलवर जे वाचले ते डॉक्टरांसमोर मोकळेपणाने विचारावे. औषध कोठे तुटले ते सांगावे, पिशवी साफ केल्याचे कागद न्यावेत, घरात वा माहेरी कोणास क्षय झाला होता काय तेही सांगावे. आणि परत आल्यावर, चार दिवस ज्या शंकेने घर गप्प होते ती शंका मनातून काढून टाकल्याचे सुनेस शब्दांनी सांगावे. मनात क्षमा मागितल्याने समोरच्यास ऐकू येत नाही.

आपण तपाचे बारा प्रकार मानतो. त्यांत अनशन हे बाह्य तप आहे आणि वैयावच्च, म्हणजे रुग्णाची सेवा, हे आभ्यंतर तप आहे. या चौदा दिवसांत सूनबाईंचे बाह्य तप राहून जाईल. घरातील इतरांनी मात्र वैयावच्च करावे: सकाळची गोळी आठवणीने देणे, सूर्यास्तापूर्वी तिचे जेवण झाले की नाही हे पाहणे, पाण्याच्या घागरी तिला उचलू न देणे. आणि हे चौदा दिवस संपल्यावर पारणे साऱ्या घराने मिळून करावे.

लिहिण्याच्या ओघात कोणाचे मन दुखावले असल्यास, अथवा मर्यादेबाहेर काही लिहिले गेले असल्यास, मिच्छामि दुक्कडं.